करंटाचं सोवळं

नानांना जीपमध्ये कुठं बसवायचं, यावरून सकाळी सात वाजताच वादाला तोंड फुटलं. थोरल्या पुंजारामचं म्हणणं, पुढं इंजिन, इंजिनाला बॅटरी, आणि बॅटरी म्हटली की करंट आलाच. तेव्हा नाना मागं बसतील. नानांची बहीण लंकाबाई म्हणत होत्या, मागं खड्ड्यांचे दणके बसतात, छातीतलं मशीन जागचं हललं तर कुणाच्या नावानं बोंबलायचं? ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते खंडेराव, म्हणजे सगळ्या मळ्याचे नाना, अंगणात काठी टेकून उभे होते. त्यांना कुणी विचारत नव्हतं.

"तिरडीवर कुठं निजवायचं तेबी आत्ताच ठरवून घ्या," नाना म्हणाले, आणि स्वतःच चढून मागच्या बाकावर बसले.

धाकटी सून सायली थर्मास आणि दवाखान्याची फाईल घेऊन दारात उभी होती. तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. आजचा दिवस हसण्याचा नव्हता. नाशिकचे डॉक्टर आज काय म्हणतात त्यावर या घराचं एक राहायचं की दोन व्हायचं हे ठरणार होतं, आणि दोन झालं तर बाहेर पडणारी माणसं ती आणि तिचा नवरा रविराज होती.

मार्चमध्ये, द्राक्षाची शेवटची गाडी भरून गेली त्याच दिवशी नाना अंगणात कोसळले होते. हृदयाचे ठोके मध्येच थांबत होते. नाशिकला नेऊन डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसवला आणि आठव्या दिवशी नाना घरी आले, सोबत एक कार्ड आणि इंग्रजीत छापलेला एक कागद घेऊन. कार्ड कायम अंगावर बाळगा असं सांगितलेलं. कागद वाचून दाखवला शेजारच्या मळ्यातल्या चिमाजी गुरुजींनी. गुरुजींनी वाचलं ते थोडं, आणि घरानं ऐकलं ते फार. विजेच्या काही वस्तूंपासून जपावं एवढा त्याचा मतलब, पण पाहायला येणारा प्रत्येक पाहुणा त्यात आपल्या पदरची एक वस्तू घालून गेला. कुणी म्हणालं मिक्सर, कुणी पंखा, कुणी टीव्ही. लंकाबाईंच्या जावयानं तर हातातल्या घड्याळावरही संशय घेतला.

मग मळ्यात करंटाचं सोवळं सुरू झालं. मिक्सर पेटीत गेला आणि सासूबाई कुसाबाई पुन्हा पाट्यापुढे बसल्या. टीव्हीच्या बातम्या नाना अंगणातून, खिडकीच्या गजांआडून पाहू लागले. चित्र दिसे, आवाज येत नसे. चिमाजी गुरुजींच्या पुतण्यानं नवा मोबाईल घेतला होता, तो भेटायला आला की त्याला तो कडब्याच्या गंजीवर ठेवून यावं लागे. पस्तीस वर्षं विहिरीवरची मोटर चालू-बंद केलेल्या माणसाला घरातल्या दिव्याचं बटणही दाबू देत नव्हते. नाना चिडत, शिव्या घालत, आणि ऐकत. माणूस भित्रा नव्हता, पण घरातले सगळे आपल्यासाठी भितात हे त्याला कुठंतरी बरं वाटत असावं.

हे सगळं चाललं असतं. अडलं ते वेल्डिंगपाशी.

गोठ्याच्या पलीकडं रविराजचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं शेड, पण दिंडोरी तालुक्यातल्या निम्म्या बागांच्या मांडवांचे लोखंडी अँगल तिथं तयार झालेले. श्रावणात एका सकाळी वेल्डिंग चालू असताना नाना गोठ्याजवळ छातीला हात लावून खाली बसले. छातीत दडदड, डोळ्यांपुढे अंधारी. पोळ्याच्या आदल्या दिवशी तेच. नवरात्रात तिसऱ्यांदा. पहिल्यांदा सगळ्यांनी उन्हावर ढकललं, दुसऱ्यांदा एकमेकांकडं पाहिलं, आणि तिसऱ्यांदा पुंजारामनं धावत जाऊन शेडचा मेन स्विच खाली ओढला.

"तुला बाप पाहिजे का वेल्डिंग पाहिजे?" तो ओरडला होता.

रविराजनं डोळ्यांवरची काच वर केली. तो तापट नाही, पण त्या दिवशी त्याचंही डोकं फिरलं. "डॉक्टरांच्या तोंडून ऐकव. वेल्डिंगनं होतंय म्हणाले, तर त्याच संध्याकाळी शेड मोकळं करतो. तुझ्या तोंडून नाही ऐकणार."

त्याला सतरा दिवस झाले होते. दोघे भाऊ एका पंगतीत जेवत होते आणि मीठसुद्धा बायकांमार्फत मागत होते. वर्कशॉप मळ्यातच दुसरीकडं हलवावं तर तीन फेजची लाईन तेवढ्याच कोपऱ्यात होती. शेवटी सायलीच्या भावानं, किशोरनं, नांदगावहून निरोप धाडला: बाजाराजवळ माझं शेड रिकामं आहे, या इकडं. थोरली जाऊ आशा त्यावर पाणवठ्यावर म्हणाली होती, "तिला काय, माहेर मिळतंय आयतं." ते फिरून सायलीच्या कानावर आलंच.

सायलीला माहेर नको होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिचं सातव्या महिन्यातलं मूल गेलं, तेव्हा सगळ्या बायका तिला नशिबाच्या गोष्टी सांगत होत्या. नाना तेवढे दुपारी दारात येऊन म्हणत, "सायले, चल, बागंत चक्कर मारू." चक्कर मारताना एक शब्द बोलत नसत. दोन महिने रोज. त्या माणसाच्या जिवाला आपल्या नवऱ्याच्या कामानं धोका होत असेल, तर नांदगावच काय, आणखी लांब जायची तिची तयारी होती. पण बोचकं बांधलं की ती ते दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडत होती.

जीप निघाली. पुढं ड्रायव्हरशेजारी पुंजाराम. मधल्या बाकावर कुसाबाई, लंकाबाई आणि आशा. मागं समोरासमोरच्या बाकांवर नाना आणि सायली एका बाजूला, रविराज दुसऱ्या. ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकली होती, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा उघड्या पडलेल्या, आणि पुंजाराम सवयीनं प्रत्येक बागेकडं वळून बघत होता.

म्हसरूळ जवळ आलं आणि नानांनी सायलीचं मनगट धरलं.

"काय झालं नाना?"

"दडदडतंय." नानांच्या कपाळावर घाम डवरला होता. "गळ्यापर्यंत ठोके येतेत. तेच, मागल्यासारखं."

"गाडी थांबवा!" लंकाबाई किंचाळल्या.

"थांबवू नको, हाण!" पुंजाराम ड्रायव्हरवर ओरडला, आणि मागं वळून सतरा दिवसांनी पहिल्यांदा भावाशी बोलला. "काल संध्याकाळी चालवलंस ना मशीन? चालवलंस का नाय?"

"चालवलं. शेवटचे चाळीस अँगल होते. तेव्हा नाना गुरुजींच्या मळ्यात होते, तूच नेऊन घातलं होतंस."

"मग त्याचाच असर ह्यो. अंगात भिनलाय."

"वेल्डिंग काय विष आहे का, रात्रभर भिनायला?"

"भांडा," कुसाबाई म्हणाल्या. त्या फार कमी बोलत, आणि बोलल्या की सगळे गप्प बसत. "बाप मरतोय तवर भांडून घ्या. मग येळ मिळायचा नाय."

सायली पदरानं नानांचा घाम टिपत होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. शेड पाच कोसांवर राहिलं. इथं ना वेल्डिंग, ना मोटर, ना मिक्सर. मग हे आलं कुठून?

गंगापूर रोडवरच्या त्या दवाखान्यात नर्सनं एकच माणूस आत येईल म्हणून सांगितलं. पुंजाराम पुढं झाला. थोरला मुलगा, तो जाणारच.

"सायलीला येऊ द्या," नाना म्हणाले. "फाईल तिच्याजवळ हाय."

पुंजारामचा चेहरा पडला. आशानं लंकाबाईंकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात सगळं आलं. सायली मान खाली घालून आत गेली.

आत लोखंडी कॉट, एक स्टीलचं कपाट, कागदी पट्टीवर रेघा काढणारं यंत्र. डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या, घाई नसल्यासारख्या वागणाऱ्या. नर्सनं नानांना सदरा आणि आतली बंडी काढायला सांगितली. सायलीनं दोन्ही कपडे हातावर घेतले. नाना उघडे आडवे झाले आणि त्यांच्या छातीला, हातापायांना वायरी लागल्या.

"आता कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

नानांनी छातीवर हात ठेवून चाचपलं. "आता काय बी नाय. आत्ता आत्ता थांबलं."

"औषध न घेता?"

"निजलो अन् थांबलं."

डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर साबणाच्या वडीसारखं एक यंत्र ठेवून पेसमेकर तपासला. पट्टी निघत राहिली. बॅटरी उत्तम. तार जागेवर. ठोके बहात्तर. सायलीनं फाईल घट्ट धरली आणि जो प्रश्न बाहेर पाच माणसांना विचारायचा होता तो विचारून टाकला.

"मॅडम, वेल्डिंगनं होतं का हे? आमचं घरचं वर्कशॉप आहे. जे असेल ते खरं सांगा, आम्ही ते बंद करू."

डॉक्टरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "हे स्वतः वेल्डिंग करतात?"

"मला घरात दिव्याचं बटण दाबू देत नायत," नाना म्हणाले.

"मग किती लांब असता?"

"गोठ्यात असतो. पंधरा पावलं धरा."

"पंधरा पावलांवरून काही व्हायला नको. अगदी जवळ जाऊन वाकून बसलात तर गोष्ट वेगळी. आणि आज तर गाडीत झालं म्हणता." त्या पट्टीवरच्या रेघा पुन्हा बघू लागल्या. त्यांनाही कोडं पडलं होतं हे सायलीला दिसलं. डॉक्टरांना कळलं नाही तर पुंजारामभाऊंचंच म्हणणं खरं धरलं जाणार होतं.

नर्सनं तिला बाजूला व्हायला सांगितलं. सायली मागं सरकून कपाटाला टेकली, आणि हातावरच्या कपड्यांना जोराचा हिसका बसला. खट् असा आवाज झाला. सदरा खाली पडला. बंडी पडली नाही. ती कपाटाच्या दाराला चिकटून लोंबकळत राहिली, खुंटीवर टांगावी तशी, आणि दाराला खुंटी नव्हती.

खोलीतली तिन्ही माणसं त्या बंडीकडं बघत राहिली. नाना तेवढे छताकडं बघू लागले.

"खिशात काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

तो खिसा तिनं शिवला होता. दवाखान्यातून आल्यावर नाना म्हणाले होते, कार्ड आणि मशीन एकमेकांशेजारी असलेलं बरं, ताईत असतो तसं. आणि तिनं बंडीला आतून, डाव्या बाजूला, बरोबर मशीनच्या वर येईल असा खिसा लावून दिला होता. आता तिनं त्यात बोटं घातली. कार्ड होतं. आणि कार्डाच्या मागं काळी, जाड, बांगडीएवढी एक चकती होती, ती कपाटापासून ओढून काढायला तिला दोन्ही हात लावावे लागले.

"लोहचुंबक," नाना छताला म्हणाले. "जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं."

"नाना, अहो कागदावर लिहून दिलं होतं ना आम्ही? चुंबक छातीपासून लांब ठेवा म्हणून?"

"करंटाच्या वस्तू लांब ठेवा, असं सगळे म्हणत हुते. याला ना वायर, ना बटण. यात करंट कुठून येणार?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण त्या रागवायचाही प्रयत्न करत होत्या. "तुमचं मशीन एरवी हृदयाचं ऐकतं. हृदयानं ठोका दिला की गप्प बसतं, नाही दिला की स्वतः देतं. चुंबक जवळ आलं की ते ऐकणं सोडतं आणि आपल्या चालीनं ठोके देत सुटतं. आम्ही तपासणीसाठी त्याला तसं शिकवलेलंच असतं. मग तुमचं हृदय एका चालीत आणि मशीन दुसऱ्या. दडदड होणार नाही तर काय? थांबा, दाखवते. जरा सोसा."

त्यांनी चकती नानांच्या छातीवर धरली. पट्टीवरच्या रेघा एकदम जवळजवळ येऊ लागल्या, टाके घातल्यासारख्या.

"ह्येच!" नाना कॉटवरच उठू पाहू लागले. चोर रंगेहाथ सापडावा तसा त्यांना आनंद झाला होता. "ह्येच ते! सायले, बघ, ह्येच हुतं!"

चकती दूर झाली. रेघा पुन्हा ऐसपैस झाल्या. मशीनला काही अपाय झालेला नव्हता, हृदयालाही नाही. सायलीनं कॉटचा कठडा धरला. तिला नाचावंसं वाटत होतं.

डॉक्टरांनी मग फाईलच्या मागं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. मिक्सर, पंखा, टीव्ही, दिवे चालतील. मोटर चालू करा, फक्त चालत्या मोटरीवर छाती टेकून उभे राहू नका. मोबाईल आला तर उजव्या कानाला, डाव्या खिशात नाही. वेल्डिंग स्वतः करायचं नाही, बारा फूट लांब राहायचं, मग खुशाल बघत बसा. हे लिहून त्या पुढच्या पेशंटकडं गेल्या.

सायली नानांना सदरा घालू लागली. "पण हे खिशात ठेवलंत कशाला?"

"सवय."

"नाना."

नानांनी दाराकडं पाहिलं. दार लोटलेलं होतं. "आषाढात ढवळी गाय गेली ना. पोट फुगून गेली म्हणून मी घरात सांगितलं. पोट फुगून नव्हती गेली. जनावराच्या डॉक्टरानं फाडून दावलं मला. इत्तुशी तार, कडब्यातून पोटात गेली अन् पोटातून थेट काळजात घुसली." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. "त्या दिसापास्नं रव्यानं काम काढलं का मी गोठ्याभवती चुंबक फिरवतो. तारांचे तुकडे, सळईच्या कापा, सगळं वेचतो. वेचून झालं का हाताला येईल त्या खिशात. आज सकाळी कालचं वेचलं अन् तसाच गाडीत बसलो. खड्ड्यांत सरकून बरोबर मशीनवर आलं आसंल."

"मग हे घरात का नाही सांगितलं?"

"पुंजाला कळलं असतं का रव्याच्या तारेनं ढवळी गेली, तर दोघांचं काय झालं असतं? आधीच त्यांचं जमत नाय. म्हणलं आपण गपचूप वेचावं." त्यांनी सायलीकडं पाहिलं. "तू बी नको सांगू. खिशात चुकून राह्यलं म्हण. येवढंच."

सायली बटणं लावत राहिली. खरंच, तेवढंच सांगितलं तर सगळं सुटत होतं. वर्कशॉप वाचत होतं, नांदगाव टळत होतं, खिसा कुणी शिवला हेही कुणी विचारलं नसतं. पण हा म्हातारा तीन महिने वाकून वाकून दोन पोरांमधलं भांडण वेचत होता, आणि त्यापायी त्याचा जीव दडदडत होता, आणि त्याच दडदडीवरून ती पोरं भांडत होती. हे पुन्हा झाकून ठेवायचं तिच्या जिवावर आलं.

"सांगणार नाना," ती म्हणाली. "रागवा हवं तर."

बाहेर बाकावर बसलेली सगळी एकदम उठून उभी राहिली. सायलीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं: चुंबक, कपाट, पट्टीवरच्या रेघा, ढवळीची तार. रविराजचं नाव घेताना ती अडखळली, पण तिनं ते घेतलं. आणि शेवटी म्हणाली, "तो खिसा मी शिवलेला. मशीनच्या बरोबर वर. चूक माझीही आहे."

आशा पुढं आली तशी सायलीनं मान ताठ केली. आता ऐकून घ्यायचं होतं.

"आतल्या बाजूचा, निळ्या दोऱ्याचा?" आशानं विचारलं.

"हो."

"तो पोळ्याच्या सुमाराला उसवला हुता. म्हणलं एवढा जड कसा झालाय कार्डाचा खिसा, अन् तसाच परत शिवला. दुहेरी टाका घालून." आशानं तोंडावर पदर धरला आणि तिचे खांदे हलू लागले. ती रडतेय का हसतेय हे लंकाबाईंना कळेना, म्हणून त्यांनी दोन्हीची सोय म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली.

पुंजाराम मात्र अजून पहिल्याच गोष्टीवर अडला होता. "म्हंजी वेल्डिंगनं नाय?"

"नाही भाऊ."

"डॉक्टरीण म्हणली?"

"लिहून दिलंय."

त्यानं फाईल घेतली, मोठी अक्षरं दोनदा वाचली, आणि सहा फुटी माणूस बाकावर बसून, डोक्यावरची टोपी तोंडाशी धरून रडू लागला. दवाखान्यातले लोक बघायला लागले. मार्चमध्ये नाना कोसळले तेव्हा अंगणात तो एकटाच होता, हे सायलीला आत्ता आठवलं. त्यानं बापाचं डोकं मांडीवर घेतलेलं होतं आणि बराच वेळ त्याला नाडी लागत नव्हती. तेव्हापासून तो भितच होता, फक्त त्याची भीती ओरडून बाहेर पडत होती.

रविराज त्याच्यासमोर उकिडवा बसला. "भाऊ, ढवळी माझ्या तारेनं गेली."

"कशावरून तुझ्या?" पुंजाराम टोपीतून म्हणाला. "बागेच्या तारा कोण तोडतो? मीच ना? तुकडे बांधावर कोण फेकतो? कडबा तिथंच रचतो आपण." त्यानं डोळे पुसले. "त्या दिवशी मी मेन खाली ओढला, तुला काय झालं असतं म्हंजी?"

"काय होतंय. माझा एक अँगल तेवढा वाकडा जोडला गेला."

"तो दे मला. माझ्या बागंत लावतो."

कुसाबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नानांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. सात महिने पाट्यावर वाटून त्यांचे खांदे भरून आले होते, आणि सात महिने रात्री उठून उठून त्या या माणसाच्या नाकापुढे बोट धरून बघत होत्या. "घरी गेल्यावर पैला मिक्सर काढते," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचे डोळे भरून आले ते काही थांबेनात. नाना त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. चारचौघांत हात धरायची त्यांची रीत नव्हती, म्हणून दोघंही नुसतीच शेजारी उभी राहिली.

दवाखान्यासमोर एसटीडीचं बूथ होतं. सगळे चहाला थांबले तेव्हा सायली रस्ता ओलांडून तिकडं गेली. किशोरदादानं तिच्यासाठी शेड झाडून ठेवलं होतं, आज संध्याकाळी टेम्पो घेऊन यायचं म्हणत होता. त्याला कळवायला हवं होतं.

"दादा, मी सायली."

"बोल. काय म्हणाले डॉक्टर? किती वाजता येऊ?"

"दादा, आम्ही..." सतरा दिवस ती रडली नव्हती. भांडी घासताना नाही, बोचकी बांधताना नाही. आता काचेच्या त्या खोक्यात, फोन कानाशी धरून, तिला असा हुंदका फुटला की बूथवाल्यानं पेपरातून मान वर काढली.

"सायली? अगं काय झालं? नाना बरे आहेत ना? सायली!"

मागून कुणीतरी तिच्या हातातून फोन काढून घेतला. नाना होते. काठी टेकत एकटेच रस्ता ओलांडून आले होते. चहाच्या टपरीवरून पुंजाराम "नाना, फोन!" असं ओरडून धावत सुटला, अर्ध्या रस्त्यात त्याला आठवलं, आणि तो तिथंच ओशाळून उभा राहिला. नानांनी त्याच्याकडं बघत, सावकाश, फोन उजव्या कानाला लावला.

"हॅलो, किशोरराव का? मी खंडेराव बोलतोय. मी बराय. पोरगी रडतीय, पण काळजीचं कारण नाय, मोकळं रडतीय." त्यांनी काठी बूथला टेकवून दुसरा हात सायलीच्या डोक्यावर ठेवला. "टेम्पो आणू नका. तुमचं शेड द्या दुसऱ्या कुणाला. माझी दोन्ही पोरं घरी येतेत. अन् ही बी."